छत्तीसपैकी छत्तीस

फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात ‘२५० जीटीओ’ नावाच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या. किती? छत्तीस. त्यातल्या आज किती शिल्लक आहेत? छत्तीस. शर्यतीची गाडी म्हणजे कधीतरी आपटणारच. यातल्याही कित्येक आपटल्या, चेपल्या. पण दर वेळी कोणीतरी तो सांगाडा उचलून नेला, पत्रा ठोकून सरळ केला आणि गाडी पुन्हा चाकांवर उभी केली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यातली एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. तेव्हाच्या भावाने साधारण ३४० कोटी रुपये.

आता दुसरं टोक बघा. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात ‘ट्राबांट’ नावाची गाडी बनत होती. दोन सिलिंडरचं, धूर सोडणारं इंजिन आणि पत्र्याऐवजी कापसाचा टाकाऊ धागा राळेत दाबून केलेली बॉडी. नाव नोंदवल्यावर गाडी दारात यायला दहा-दहा वर्षं लागत. आपल्याकडच्या बजाज स्कूटरच्या नंबरची आठवण ज्यांना आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा ट्राबांट तीस लाखांच्या वर बनल्या. जर्मनीच्या वाहननोंदणीत आज त्यातल्या चाळीस हजारांच्या आसपास आहेत. शेकडा सव्वा. हाच दर फेरारीला लावला असता, तर छत्तीस जीटीओंमधली अर्धी गाडीसुद्धा उरली नसती.

मोटारींचा इतिहास गोळा करणाऱ्यांचं सगळं गणित हे असं उलटं चालतं. जी गाडी राजाने, गिरणीमालकाने किंवा शर्यतवाल्याने घेतली, ती सापडते. जी गाडी मास्तरांनी, डॉक्टरांनी आणि टॅक्सीवाल्याने घेतली, ती शोधावी लागते. आणि कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाड्यांमध्ये हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव या दुसऱ्या जातीच्या.

किती गाड्या बाहेर पडतात याचा आधी अंदाज घेऊ. २०२३ साली जगभर मिळून सुमारे ९ कोटी ३५ लाख मोटारवाहनं बनली, ट्रक आणि बस धरून. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख. भागाकार करा: दर सेकंदाला जवळपास तीन. रात्री आपण झोपतो तेव्हाही, रविवारीही, दिवाळीलाही. टोयोटा कंपनीचा हिशेब असा की बारीक स्क्रूपर्यंत सगळं मोजलं तर एका गाडीत साधारण तीस हजार भाग असतात. म्हणजे एका वर्षात अडीच लाख कोटींहून अधिक सुटे भाग एकमेकांना जोडले जातात. एवढ्या ढिगाऱ्यातून काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हा प्रश्न संग्रहालयवाल्यांच्या पुढ्यात रोज उभा असतो. रोज म्हणजे खरोखर दर सेकंदाला तीनदा.

सुरुवात मात्र फार हळू झाली होती. कार्ल बेंझ यांनी जर्मनीत मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. पेटंट क्रमांक ३७४३५. त्या तीनचाकी गाडीच्या पुढच्या सातेक वर्षांत जेमतेम पंचवीस प्रती बनल्या. सात वर्षांत पंचवीस! १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझबाई दोन पोरांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, वाटेत पेट्रोल पंप नावाची गोष्टच जगात नाही. वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी डाग काढायचं द्रव्य विकत घेतलं आणि ते टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास आणि पहिली रस्त्यावरची दुरुस्ती, दोन्ही एकाच बाईच्या नावावर.

बेंझ कंपनीला पुढे स्वतःचाच इतिहास आठवला. मूळ पहिली गाडी १९०६ साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमला दिली गेली. पेटंटचा तो कागद २०११ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत गेला, म्हणजे जगाने जपायच्या दस्तऐवजांच्या पंगतीत एका कारखानदाराचा अर्ज जाऊन बसला. पण तीनचाकीच्या बाकीच्या बहुतेक प्रतींचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. त्या वेळी त्या जुन्या गाड्या होत्या. आणि जुनी गाडी ही जगातली सगळ्यात केविलवाणी वस्तू असते. नवी असते तेव्हा तिला हार घालतात, नारळ फोडतात, खूप म्हातारी झाली की तिला काचेत ठेवतात. मरण येतं ते मधल्या वर्षांत.

या मधल्या वर्षांचा विचार सगळ्यात आधी इंग्रजांनी केला, तोही गमतीगमतीत. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटनमध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी चौदा मैल झाली. त्याआधी ती चार मैल होती आणि गावात दोन, म्हणजे पायी चालणाऱ्याने सहज मागे टाकावं इतकी. त्या आनंदात लंडन ते ब्रायटन अशी गाड्यांची वरात निघाली. १९२७ पासून त्या वरातीच्या आठवणीत जुन्या गाड्यांची धाव सुरू झाली. ती आजही दर नोव्हेंबरात होते आणि चारेकशे गाड्या उतरतात. अट एकच: गाडी १ जानेवारी १९०५ च्या आधीची पाहिजे.

आता या अटीतली मेख बघा. ३१ डिसेंबर १९०४ ला कारखान्यातून निघालेली गाडी आत आणि दुसऱ्या दिवशीची बाहेर. एका रात्रीचा फरक, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा. मग गाडीचं वय ठरवायचं कोणी? १९३० साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या व्हेटरन कार क्लबात त्यासाठी जाणकारांची एक समितीच असते. ही मंडळी गाडीखाली उताणी पडून बघतात. चासीवरचा नंबर, इंजिनवरचा नंबर, गिअरपेटीची ठेवण, कार्ब्युरेटर कुठल्या सालचा, कडेचा रिव्हेट हाताने ठोकलाय की यंत्राने. शेजारी जुन्या कॅटलॉगांची चळत. मालक बाजूला उभा, बारावीच्या निकालाला उभा राहावा तसा. वर्षं दोन-चार पुढे सरकली की बिचाऱ्याची धाव हुकलीच.

नंबरांची ही भानगड आजच्या वाचकाला समजणार नाही, कारण आज प्रत्येक गाडीला सतरा अक्षर-अंकांचा एक ओळखक्रमांक असतो. अमेरिकेत १९८१ पासून तो सक्तीचा एकसारखा झाला. त्यात इंग्रजी वर्णमालेतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. उरतात तेहतीस चिन्हं आणि सतरा जागा. कागदावर यातून किती वेगवेगळे क्रमांक बनू शकतात? आपल्याकडे एकं, दहं, शतं करत शेवटी परार्धाला पोचतात, एकावर सतरा शून्यं. त्या परार्धालाही इथे कोटींनी मोजावं लागतं: साधारण पासष्ट कोटी परार्ध. प्रत्यक्षात काही जागा ठरावीक कामाला बांधलेल्या असल्याने एवढे मिळत नाहीत, पण दर सेकंदाला तीन गाड्यांनी हा साठा संपायला सूर्य विझायची वाट बघावी लागेल.

१९८१ च्या आधी मात्र जो तो आपापल्या वहीत आपापल्या पद्धतीने नंबर टाकायचा. महागड्या गाडीची चासी एका कंपनीची आणि बॉडी दुसऱ्याच कारागिराची. एकाच गाडीची जन्मकुंडली दोन-तीन गावांतल्या वह्यांत विखुरलेली. त्यातली एक वही जळाली की गाडी अर्धी अनाथ. लबाडांची तर चंगळच. एका गाडीची चासी आणि इंजिन वेगळं काढून प्रत्येकाभोवती नवी गाडी बांधली की मूळ एकीच्या दोन होतात आणि दोघींचे मालक आपलीच खरी म्हणून भांडत बसतात. अशा भांडणात शेवटी निकाल देते ती कारखान्याची वही. म्हणून गाडीच्या इतिहासात लोखंडाइतकीच कागदालाही किंमत.

संख्येचं खरं वेड लागलं ते डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी १ ऑक्टोबर १९०८ ला बाजारात आली, किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये त्यांनी गाडीचा सांगाडा सरकत्या रांगेवर टाकला. आधी एक गाडी जुळवायला साडेबारा तास लागायचे, ते वर्षभरात ९३ मिनिटांवर आले. किंमत उतरत उतरत १९२५ पर्यंत २६० डॉलर झाली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर या एका दिवसात फोर्डच्या सगळ्या कारखान्यांनी मिळून ९,१०९ गाड्या काढल्या. चोवीस तासांनी भागलं तर साडेनऊ सेकंदाला एक. तेवढ्या वेळात तव्यावरची पोळी एकदाही उलटून होत नाही.

२६ मे १९२७ पर्यंत दीड कोटी मॉडेल टी झाल्या. एक गाडी साधारण ३.४ मीटर लांब. नाकाला शेपूट लावून सगळ्या उभ्या केल्या तर रांग ५१ हजार किलोमीटर भरते. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४० हजार ७५. म्हणजे पृथ्वीला एक वेढा पूर्ण आणि दुसऱ्यातला पाव. हा विक्रम पंचेचाळीस वर्षं टिकला. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी फोक्सवागनच्या बीटलने १,५०,०७,०३४ वी गाडी काढली आणि फोर्डला एकाने मागे टाकलं. एकाने! दीड कोटींच्या शर्यतीत कोणीतरी पेन घेऊन शेवटच्या आकड्यावर बसलेलं होतं. ती बीटल पुढे ३० जुलै २००३ पर्यंत मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे बनत राहिली आणि २,१५,२९,४६४ या आकड्यावर थांबली.

मॉडेल टी आजही हजारोंनी शिल्लक आहे. साधी गाडी, सुटे भाग आजही नवे बनवून मिळतात, अमेरिकेत तिचे क्लब गावोगाव. पण समजा, अगदी सढळ हाताने एक लाख उरल्या असं धरलं, तरी शेकडा एकसुद्धा भरत नाही. जगातल्या सगळ्यात लाडक्या गाडीची ही गत.

बाकीच्या गेल्या कुठे? बहुतेक भंगारात, हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता. पण कधी कधी सरकारच मोठा झाडू घेतं. २००९ च्या मंदीत गाडीकंपन्यांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून जुनी गाडी मोडा आणि नवीवर सूट घ्या, अशा योजना निघाल्या. जर्मनीने पाच अब्ज युरो काढले, दर गाडीमागे अडीच हजार. भागाकार तोंडी होतो: वीस लाख गाड्या. ब्रिटनमध्ये सुमारे चार लाख. अमेरिकेत तीन अब्ज डॉलर आणि ६ लाख ७७ हजार गाड्या. तिन्ही मिळून तीस लाखांच्या वर, म्हणजे चौतीस वर्षांतल्या सगळ्या ट्राबांटएवढ्या, वर्ष-सव्वा वर्षात साफ.

अमेरिकेत तर चालू इंजिन पुन्हा कोणी वापरू नये म्हणून ते मारायची रीतच ठरवून दिली होती. इंजिनातलं ऑइल काढून टाकायचं. त्या जागी सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचं, दोन लिटरला थोडं कमी. मग गाडी सुरू करून गॅस द्यायचा. पाणी उडून जातं आणि आत राहते ती काच. बेअरिंग आणि पिस्टन त्या काचेत घासत, किंचाळत चालतात आणि काही मिनिटांत इंजिन कायमचं जाम होतं. याच रसायनाला वॉटरग्लास म्हणतात. फ्रीज नव्हते तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या बायका त्याच्या पाण्यात अंडी बुडवून ठेवत, महिनोन् महिने टिकावीत म्हणून. अंडी जपणाऱ्या पाण्याने पावणेसात लाख इंजिनं मारली.

कंपन्यांनीही आपली पोरं आपल्या हाताने मारली आहेत. क्रायसलरने १९६० च्या दशकात विमानासारख्या टर्बाइनवर चालणाऱ्या पंचावन्न गाड्या बनवल्या आणि त्यातल्या पन्नास दोनशेतीन कुटुंबांना आळीपाळीने वापरायला दिल्या. प्रयोग संपल्यावर शेहेचाळीस गाड्या चेचून, जाळून टाकल्या. उरल्या नऊ. जनरल मोटर्सची ‘ईव्ही १’ ही विजेवरची गाडी नव्वदच्या दशकात १,११७ बनली, सगळ्या भाड्याने दिलेल्या. मुदत संपली तशा परत घेऊन बहुतेक मोडल्या. संग्रहालयांना चाळीसेक दिल्या त्यासुद्धा चालू नयेत अशा करून. याउलट टकर नावाच्या माणसाची कंपनी १९४८-४९ मध्ये एक्कावन्न गाड्यांवर बुडाली, आणि एक्कावन्नपैकी सत्तेचाळीस आजही आहेत. कंपनी बुडाली की गाडी वाचते, असं म्हणायला हरकत नाही. मोडायला मालकच उरत नाही ना!

दुर्मीळ गाड्यांचा महामेरू म्हणजे बुगाटीची ‘रॉयाल’. लांबी सहा मीटरच्या वर, इंजिन १२.७ लिटरचं. आपल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसी होतं. म्हणजे रॉयालच्या बॉनेटखाली जवळजवळ बारा पद्मिनी मावल्या असत्या. एत्तोरे बुगाटी यांचा बेत पंचवीस गाड्या राजेरजवाड्यांना विकायचा होता. १९२९ ची मंदी आली आणि राजांनीही हात आखडता घेतला. बनल्या सात, गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या तीन. उरलेली इंजिनं फ्रान्सच्या रेल्वेत डब्यांना जोडून वापरली. सातपैकी पहिली गाडी खुद्द बुगाटींच्या हातून आपटली आणि मोडीत गेली. बाकी सहाच्या सहा आजही आहेत.

पण त्या वाचल्या कशा? त्यातली एक न्यूरेंबर्गच्या डॉक्टरने घेतली. ती जर्मनीतून शांघायला गेली, तिथून न्यूयॉर्कला आणि शेवटी भंगाराच्या आवारात. थंडीत पाणी गोठून इंजिनचा ब्लॉक तडकला. जनरल मोटर्सच्या चार्ल्स चेन नावाच्या इंजिनिअरने ती तिथून सुमारे चारशे डॉलरला उचलली, नीट केली आणि पुढे फोर्डच्या संग्रहालयाला देऊन टाकली. चारशे डॉलर! १९८७ साली रॉयालच्या एका बहिणीला लंडनच्या लिलावात ५५ लाख पौंड आले. त्या भंगारवाल्याने लोखंडाला दोन पैसे जास्त मिळतात म्हणून चेनसाहेब यायच्या आधी ती कापली असती, तर आज सहाऐवजी पाच लिहावं लागलं असतं. इतिहास टिकतो तो पुष्कळदा इतक्या बारीक दोऱ्यावर.

दुसऱ्या दोन रॉयाल सापडल्या त्या कापडगिरणीत. फ्रान्सच्या म्युलूज गावात हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे भाऊ लोकरीच्या सुताच्या गिरण्या चालवायचे. फ्रिट्झला बुगाटीचं वेड. साठच्या दशकात तो दिसेल ती गाडी गुपचूप घेत सुटला. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये शेक्सपिअर आडनावाच्या संग्राहकाकडे तीस बुगाटी होत्या, त्यात एक रॉयाल. १९६४ मध्ये फ्रिट्झने सगळ्या एकगठ्ठा ८५ हजार डॉलरला घेतल्या. सरासरी काढली तर गाडीला तीन हजार डॉलरसुद्धा नाहीत. उघड्या मालगाडीवर तीस बुगाटींची रांग बंदराकडे निघाली. म्युलूजला आल्यावर त्या गिरणीच्या बंद दारांमागे गेल्या आणि गावाला पत्ता नाही.

गिरण्यांचा धंदा बसला. मालकांनी हात वर केले आणि शेजारी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला निघून गेले. १९७७ मध्ये थकलेल्या पगारासाठी कामगारांनी गिरणीचा ताबा घेतला आणि एका शेडचं दार उघडलं. आत रांगेने शेकडो मोटारी, झगमगीत, पॉलिश केलेल्या. वर पॅरिसच्या पुलावरच्यासारखे शेकडो दिवे. दिवस-दिवस उभं राहून ज्यांनी सूत काढलं, त्यांना आपल्या घामाचं काय झालं ते त्या क्षणी डोळ्यांनी दिसलं. त्यांनी संग्रह उद्ध्वस्त केला नाही. बाहेर पाटी लावली, ‘कामगारांचं संग्रहालय’, आणि जवळपास दोन वर्षं लोकांना ते दाखवलं. १९७८ मध्ये फ्रान्स सरकारने त्यातल्या ४२७ गाड्या राष्ट्रीय ठेवा ठरवून टाकल्या, म्हणजे विकून देशाबाहेर नेता येऊ नयेत. १९८२ मध्ये तिथे रीतसर संग्रहालय उघडलं. तेच १९८२, जेव्हा आपल्या गिरणगावातला संप सुरू झाला. लालबाग-परळच्या गिरण्यांतून मागे काय उरलं ते वाचकाला ठाऊक आहे.

कागदाची एक गोष्ट सांगतो, कारण गाड्यांपुढे ती नेहमी झाकोळते. हेन्री फोर्ड यांना काही टाकवत नसे. १९४७ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या छप्पन्न खोल्यांच्या घरात पत्रं, पावत्या, वह्या, नकाशे यांचे ढीगच्या ढीग सापडले. कंपनीने १९५१ मध्ये दफ्तरखाना उभा केला. पण त्याहून शहाणपणाचं काम दुसरंच केलं. टेप रेकॉर्डर घेऊन माणसं पाठवली आणि जुने कामगार, फोरमन, शेतावरचे गडी, ड्रायव्हर अशा सुमारे तीनशे जणांना बोलतं केलं. सरकती रांग आधी कुठल्या विभागात करून बघितली, कोण ओरडलं, कोणाची बोटं गेली, हे पेटंटात किंवा ताळेबंदात नसतं. अॅलन नेव्हिन्स या इतिहासकाराने फोर्ड कंपनीचे तीन जाडजूड खंड लिहिले ते या कागदांच्या जोरावर. ब्रिटनमध्ये गेडनच्या मोटार संग्रहालयातून जुन्या ऑस्टिन-मॉरिसच्या मालकाला आजही दाखला मिळतो: तुमची गाडी अमुक तारखेला बनली, रंग अमुक होता, अमुक ठिकाणी रवाना झाली. मुंबईत रंग तीनदा बदललेल्या गाडीचा मूळ रंग कळतो तो असा, सात हजार किलोमीटरवरच्या वहीतून.

आणि मुंबईच्या वह्या? या शहरात मोटारी नुसत्या फिरल्या नाहीत, बनल्याही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना घातला, तो १९५४ पर्यंत चालला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. तिथून साठच्या दशकात फियाट ११०० ची जी घडण सुरू झाली, तिचं नाव १९७४ पासून ‘पद्मिनी’. मुंबईकराच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच.

ज्यांनी तिच्यातून प्रवास केलाय त्यांना वर्णन नको, पण पंचविशीतल्या वाचकासाठी सांगतो. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पुढे ड्रायव्हरशेजारी सलग बाकडं, वर कॅरिअर, त्यावर वळकटी. मीटर गाडीच्या आत नाही, बाहेर डाव्या अंगाला, लोखंडी झेंडीचं. ‘खाली आहे का?’ विचारायचं, झेंडी पडल्याचा खटका ऐकायचा आणि उतरताना काचेतून मान काढून आकडा वाचायचा. पण तो आकडा म्हणजे भाडं नव्हे. मीटर जुन्या दराचं, भाडं नव्या. ड्रायव्हर सनशेडमधून मळकं टॅरिफ कार्ड काढायचा आणि मीटरच्या आकड्यापुढचा आजचा आकडा बोटाने दाखवायचा. लहानपणी दादर ते व्हीटी प्रवासात माझे वडील ते कार्ड स्वतः हातात घेऊन ओळ न् ओळ तपासायचे. आता वाटतं, ते एक कार्ड ठेवून घ्यायला हवं होतं. तेव्हा त्याची किंमत तेवढीच होती जेवढी कालच्या लोकल तिकिटाची.

नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या, आणि त्यातल्या बहुतेक याच पद्मिनी. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. एक तरी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या जुन्या संघटनेने केली होती. कुर्ल्याच्या कारखान्याची जागा घरांना गेली. आणि गंमत बघा, सीएसटी रोडवरची मोडक्या गाड्यांची दुकानं त्याच कुर्ल्यात. गाडी जन्मली तिथून मैलभरावर तिचे दरवाजे, दिवे आणि इंजिन वेगवेगळ्या ढिगांत पडले.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ धरायची, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीची फी वीस हजार. नियम चांगला आहे, पण आपल्या फियाटच्या हिशेबात बसवून बघा. त्या शेवटच्या टॅक्सीला पन्नास भरतील २९ ऑक्टोबर २०५३ ला. तिचा धंदा संपला विसाव्या वर्षी. मधली तीस वर्षं तिने कुठे काढायची? ना परवाना, ना व्हिंटेजचा मान. खाजगी करून घ्या, दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करा, पर्यावरण कर भरा, जागा सांभाळा. ज्याचं घर त्या गाडीवर चाललं त्या माणसाला हे परवडणार नाही, आणि ज्याला परवडेल त्याला जीटीओ हवी असते.

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार दिमाखात बाहेर निघते, लोक दुतर्फा उभे राहून बघतात. दुसऱ्या महायुद्धाआधी मेबॅक गाड्या साऱ्या जगात मिळून सुमारे अठराशेच बनल्या. ती जपली हे फार चांगलं झालं, आणि ती जपली जाणारच होती. माझं म्हणणं त्या गाडीबद्दल नाहीच. ती ज्या रस्त्यांवरून जाते, त्या रस्त्यांवर ज्या हजारो फियाट, अँबॅसिडर, जीप आणि टेम्पो खडखडत गेले, त्यांच्याबद्दल आहे.

अख्खी गाडी ठेवायला दारात जागा नसते, हे मुंबई-पुण्यात राहणाऱ्या मला कोणी सांगायला नको. पण ट्रंकेत जागा असते. वडिलांचं जुनं आरसी बुक, गाडीच्या बुकिंगची पावती, गॅरेजची हाताने लिहिलेली बिलं, टॅरिफ कार्ड, आजोबांचा ट्रकवर हात ठेवून काढलेला फोटो: यंदा दिवाळीच्या साफसफाईत हे रद्दीत घालू नका. घरात कोणी जुना मेकॅनिक किंवा ड्रायव्हर असेल तर मोबाइल समोर ठेवून तासभर त्यांना बोलू द्या. आणि फोटोच्या मागे लिहा: कोण, कुठे, कोणत्या साली. गाडीचा नंबर दिसत असेल तर तोही. मात्र पेन्सिलीनेच लिहा, पेनाची शाई वर्षांनी पुढच्या बाजूला उतरते.